विकायला मारणारे, खायला मारणारे: यवतमाळच्या पाण्यावर शब्द कोणाचा?

पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, ‘यवतमाळमध्ये मासेमारी? तिथं कुठं समुद्र आहे?’ तुमच्याही मनात हेच आलं असेल तर राग नाही. जिल्ह्याची ओळखच कापसाची आहे. पेपरात यवतमाळचं नाव येतं ते बोंडअळीमुळे, नाहीतर शेतकरी आत्महत्यांमुळे. पण नकाशा उघडून बघा. ईशान्येच्या सीमेवर वर्धा नदी, दक्षिणेच्या सीमेवर पैनगंगा, मध्ये अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी. यातल्या बहुतेक नद्यांवर आज धरणं आहेत आणि त्या धरणांच्या पाण्यावर भोई, धीवर, कहार समाजाची घरं चालतात. पुसदच्या किंवा दिग्रसच्या बाजारात रोहू-कटला विकायला बसलेली बाई बहुधा याच घरातली असते.

माझा प्रश्न साधा आहे. या पाण्याबद्दलचे निर्णय होतात तेव्हा मासे मारणाऱ्याला तिथं बसायला जागा असते का? आणि असली, तर त्या जागेवर खरोखर कोण बसतं? आजची पोस्ट या दुसऱ्या प्रश्नावर आहे, कारण पहिल्याचं उत्तर कागदावर ‘हो’ असंच मिळतं. गोम पुढे आहे.

सुरुवात जरा मागून करते. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जायचा. तो वऱ्हाडचा भाग होता, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलं तरी कागदोपत्री निजामाचंच होतं. हे तांत्रिक वाटेल, पण पैनगंगेच्या काठावर उभं राहिलं की त्याचा अर्थ कळतो. नदीच्या या काठावर इंग्रजांचा अंमल, त्या काठावर हैदराबाद संस्थान. नदी एक, मासे तेच, जाळी टाकणारे एकमेकांचे सोयरे, आणि साहेब मात्र वेगळे. ही भानगड अजून मिटलेली नाही. इसापूर धरणाकडे आलो की पुन्हा भेटेल.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे मोठं काम छापलं, त्यात धीमर, कहार, भोई यांची नोंद आहे. पालखी वाहणं, पाणी भरणं, नावेनं माणसं पैलतीरी नेणं, शिंगाडे लावणं, मासे मारणं अशी कामं या समाजांकडे होती. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगर-काकडीच्या वाड्याही ते करत. म्हणजे मासेमारी हा अनेक धंद्यांतला एक धंदा होता. पुढे रस्ते झाले, मोटारी आल्या, पालखी गेली. पूल झाले, नाव गेली. नळ आले, पाणी भरणं गेलं. उरलं ते जाळं. ‘पारंपरिक मच्छीमार’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. पण निव्वळ मासेमारीवर जगणारा माणूस हा बऱ्याच अंशी विसाव्या शतकानं घडवलेला आहे, असं माझं मत झालंय. (माझ्या गाइडना हे वाक्य आवडत नाही. प्रबंधात ते राहील की नाही, सांगता येत नाही. इथं राहू दे.)

आता कायदा. १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम हा अगदी छोटा, सात कलमांचा कायदा. सुरुंग लावून मासे मारू नका, पाण्यात विष कालवून मारू नका, आणि बाकी नियम सरकार करेल. सुरुंग आणि विषाची बंदी आजही योग्यच वाटते. पण हे नियम करताना विचारायचं कोणाला, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मासे मारणारा त्या कायद्यात फक्त एकाच रूपात दिसतो, आरोपी म्हणून. राज्य झाल्यावर महाराष्ट्रानं १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला, तोही साधारण याच घडणीचा.

इथं शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा मालगुजारीचा मुलूख. तिथं मालगुजारांच्या काळात बांधलेले हजारो तलाव आहेत, आणि गावाचे निस्तार हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिलेले आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले, पण हक्काची आठवण आणि हक्काचा कागद दोन्ही मागे राहिले. तिथला धीवर भांडतो तेव्हा ‘तलाव आमचा’ म्हणून भांडतो. वऱ्हाड हा रयतवारीचा मुलूख. यवतमाळमध्ये तलावांचा तसा वारसा नाही. इथलं मोठं पाणी स्वातंत्र्यानंतर सरकारनं अडवलेलं. त्यामुळे इथला भोई ‘तलाव आमचा’ म्हणू शकत नाही, तो म्हणतो ‘ठेका आमचा’. पाच वर्षांचा कागद. वारशाच्या हक्कावर बोलणारा आणि मुदतीच्या कागदावर बोलणारा यांच्या आवाजात फरक पडतो. अर्ज-निवेदनांची भाषा बघा, लगेच लक्षात येतं.

हे पाणी आलं कसं? वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. ते १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. पुसदजवळ पूस नदीवरचं धरण १९७१ चं. पैनगंगेवरचं इसापूर १९८२ चं. अरुणावती, बेंबळा हे त्यानंतरचे. प्रत्येक प्रकल्पाचा हेतू सिंचन आणि पिण्याचं पाणी हाच होता. मासे हा जोडधंदा, खरं तर जोडकलम. गावाची शेतं बुडाली, नदीचे डोह बुडाले, आणि त्याच्या वर शेकडो, कुठे हजारो हेक्टरचं नवं पाणी उभं राहिलं.

त्या पाण्यात मासे आपोआप येत नाहीत, हे समजून घ्यायलाच हवं, नाहीतर पुढचं राजकारण कळणार नाही. मरळ, शिंगटी, वाम हे मासे नदीतून जलाशयात येतात आणि तग धरतात. पण बाजारात ज्याला भाव आहे ते रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी देणारे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण त्यांची वीण म्हणावी तशी होत नाही. म्हणून दरवर्षी बीज सोडावं लागतं. पूर्वी हे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा होऊन रेल्वेनं देशभर जायचं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि सगळं बदललं. (१० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो यामुळेच.) आता बीज हॅचरीत तयार होतं. सुरुवातीच्या बारीक पिल्लांना ‘जिरे’ म्हणतात, खरोखर जिऱ्याएवढीच असतात ती, आणि बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. जलाशयात बोटुकलीच सोडावी लागते, जिरे सोडले तर मोठे मासे फस्त करतात.

बोटुकलीला पैसे लागतात. ठेक्याची रक्कम वेगळी. तंगूसची जाळी, डोंगा, बर्फ, बाजारापर्यंतची गाडी हे आणखी वेगळं. नदीत पाग फेकणाऱ्या माणसाला भांडवल लागत नव्हतं. जलाशयात मासे मारायचे तर आधी खिशात पैसा हवा. आणि पैसा ज्याचा, शब्द त्याचा.

सरकारनं यावर काढलेला उपाय सहकाराचा होता. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि त्याखाली नोंदलेल्या मच्छीमार सहकारी संस्था. तलावाचा ठेका संस्थेला, संस्था सभासदांची, सभासद मासे मारणारे. वर जिल्हा संघ, त्याच्या वर मुंबईत राज्य संघ. कल्पना चांगली होती, हे मी मनापासून म्हणते. भूमिहीन, भटक्या जमातींच्या यादीतल्या समाजाला सरकारी पाण्यावर सामूहिक हक्क देणारी ही राज्यातली मोजक्या व्यवस्थांपैकी एक. आणि प्रतिनिधित्वाची शिडीही तीच: गाव, जिल्हा, मुंबई.

पण शिडीचं वरचं टोक बघा. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे. मत्स्यव्यवसाय खातं मुंबईतून चालतं, आणि खात्यात ‘मच्छीमार’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोळी बांधव, ट्रॉलर, पर्ससीन जाळं, डिझेलचा परतावा येतो. समुद्रासाठी १९८१ चा स्वतंत्र मासेमारी नियमन कायदा आहे आणि नियम करताना सल्लागार समितीशी बोलण्याची तरतूदही आहे. पर्ससीनचा वाद पेटला तेव्हा समिती नेमली गेली, अहवाल आला, आणि ५ फेब्रुवारी २०१६ ला निर्बंधांचा आदेश निघाला. तो पुरेसा होता का, पाळला गेला का, हा वेगळा वाद. पण निदान वाद घालायला दार होतं. गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं बरंचसं राज्य शासन निर्णयावर चालतं. जीआर निघतो आणि संस्थेला कळतो. ३० जून २०१७ ला तलाव ठेक्याच्या धोरणाचा जीआर निघाला तेव्हा विदर्भातल्या संस्था आधी विचारविनिमयाला नव्हे, नंतर विरोधाला जमल्या.

तुम्ही म्हणाल, संस्था आहे, निवडणूक होते, संचालक आहेत, मग अडचण काय? अडचण सभासदांच्या यादीत आहे. माझं अर्धं संशोधन म्हणजे ही यादी वाचायला शिकणं.

संस्थेच्या सभासद यादीत पाण्यात उतरणारे असतात. ज्यांचे आजोबा पाण्यात उतरत होते आणि जे आता पुण्यात गार्डची नोकरी करतात, तेही असतात. काही नावं अशी असतात जी पाच वर्षांतून एकदाच, मतदानाला दिसतात. आणि जिथं संस्थेकडे भांडवल नाही तिथं यादीत नसलेला एक माणूस असतो, व्यापारी. तो बोटुकलीचे पैसे भरतो, ठेक्याची रक्कम भरतो, जाळी उधार देतो, आणि बदल्यात सगळा माल त्याच्या भावानं उचलतो. ठेका संस्थेच्या नावावर, धंदा त्याचा. सभासद स्वतःच्याच तलावावर किलोमागे मजुरी घेऊन मासे काढतो. हे सगळीकडे असं नाही. चांगल्या चाललेल्या संस्थाही आहेत आणि त्यांच्यावर मी पुढे स्वतंत्र लिहिणार आहे. पण हा नमुना इतका सर्रास आहे की विदर्भातल्या कुठल्याही तलावावर ‘पैसा कोणाचा?’ असं विचारा, समोरच्याला प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

२०११ ची ९७ वी घटनादुरुस्ती आली आणि तिच्या मागोमाग महाराष्ट्रानं २०१३ मध्ये सहकार कायदा बदलला. त्यात ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आली. नुसता शेअर घेऊन चालणार नाही. सभेला यायला हवं, संस्थेच्या सेवांचा किमान वापर करायला हवा. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा आल्या. (सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२१ मध्ये त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतल्या संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला.) साखर कारखान्यात क्रियाशील म्हणजे काय हे सोपं आहे: ऊस घातला का? मच्छीमार संस्थेत ‘किमान वापर’ कसा मोजायचा? मासे संस्थेला विकले याची पावती हवी. आणि जिथं माल थेट व्यापाऱ्याच्या गाडीत जातो तिथं पावती कुठली! म्हणजे त्या व्याख्येनं रोज पाण्यात उतरणारा कागदावर अक्रियाशील ठरू शकत होता आणि पावत्या जमवणारा क्रियाशील.

बाईचं तर विचारूच नका. मासे विकते ती, उधारी वसूल करते ती, टोपलं डोक्यावर घेऊन आठवडी बाजार करते ती. पण संस्थेचा सभासद बहुधा नवरा. दोन राखीव जागा भरल्या जातात, त्यावर कोणाची बायको, कोणाची सून बसते, हे मी वेगळं सांगायला नको.

हा प्रश्न एकट्या यवतमाळचा नाही, म्हणून थोडं बाहेर डोकावू. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानं समुद्री मासेमारीसाठी आठ प्रादेशिक परिषदा नेमल्या. त्यांच्या सदस्य-नेमणुकीबद्दल कायदा सांगतो की धंद्यासाठी मासे मारणारे आणि हौसेखातर मारणारे यांच्यात जागांची वाटणी न्याय्य आणि समतोल असावी, आणि घ्यायचे ते प्रत्यक्ष सक्रिय असलेले किंवा त्यांचे प्रतिनिधी. म्हणजे ‘क्रियाशील कोण’ ही डोकेदुखी तिथंही आहेच. जपाननं १९४९ च्या कायद्यात वेगळी वाट धरली: सागरी क्षेत्र समन्वय आयोगात १५ पैकी ९ सदस्य मच्छीमारांनी मतदानानं निवडलेले. ही निवडणूक २०१८ च्या दुरुस्तीत काढून टाकली आणि गव्हर्नरनं नेमणूक करायची असं ठरलं. सत्तर वर्षं टिकलेला मताचा हक्क असाही जातो.

अमेरिकेतली ती धंदा आणि हौस अशी वाटणी वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडे याचा काय संबंध? यवतमाळमध्ये हौसेनं गळ टाकणारे किती असणार! मग लक्षात आलं, आपल्याकडे दुसरी जोडी आहे. विकायला मारणारे आणि खायला मारणारे.

केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी या भागातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. गोंड, कोलाम, परधान यांची गावं. पावसाळ्यात नाल्यावर, तलावाच्या काठाला घरच्या कालवणापुरते मासे धरणं ही तिथली नेहमीची गोष्ट. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायला सांगितलं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जलसाठ्यांतले मासे हा सामूहिक हक्कांत धरला. आणि त्याच परिसरातल्या तलावांवर भोयांच्या संस्थेचा ठेका असू शकतो, बोटुकलीचे पैसे भरलेला. संस्थेच्या नजरेत रात्री जाळं लावणारा चोर. गावाच्या नजरेत दहा कोसांवरून येऊन गावचं पाणी अडवणारी संस्थाच परकी.

कोण बरोबर? मी पहिल्या वर्षी या प्रश्नाला पटकन उत्तर द्यायचे. आता देत नाही. भोई हा भटक्या जमातीतला, बहुतेक भूमिहीन. त्याच्याकडे ना गावठाणालगतचं जंगल, ना सातबारा, त्याच्याकडे ठेका आहे. आदिवासी गावाकडे कायद्यानं मान्य केलेला हक्क आहे, पण मासे पकडून बाजारात नेण्याची साखळी नाही. दोघांनाही न्याय्य जागा मिळेल असं एकही टेबल आज जिल्ह्यात नाही. संस्था सहकार निबंधकांकडे जाते, ग्रामसभा आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे, आणि तलाव कधी जिल्हा परिषदेचा, कधी जलसंपदाचा. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचा तलाव असला तर जिल्हा परिषद, मोठा असला तर पाटबंधारे. मत्स्यव्यवसायचे सहायक आयुक्त बसतात जिल्ह्याच्या गावी, त्यांच्या हातात मासे आहेत, पाणी नाही.

पाणी हातात नसणं म्हणजे काय, ते उन्हाळ्यात दिसतं. धरणातून किती पाणी कधी सोडायचं हे ठरवण्याच्या बैठकीचं नावच ‘कालवा सल्लागार समिती’. कालव्याचा सल्ला, तलावात काय उरतं हा तिथला विषय नव्हे. पिण्याचं पाणी आधी, हे कोणीच नाकारत नाही. पण पाळी दहा दिवस पुढे-मागे झाली तर मासे काढायला मिळणारा वेळ बदलतो, आणि साठा मृतसाठ्याच्या खाली गेला तर पुढच्या वर्षीसाठी ठेवलेले मासेही जातात. २००५ च्या कायद्यानं पाणीवापर संस्था आल्या, शेतकऱ्याला पाण्याच्या वाटपात बसायला जागा मिळाली, कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचाही विचार झाला. पण त्या संस्थेच्या सभासदत्वाचा पाया लाभक्षेत्रातली जमीन हा. धरणाच्या वरच्या अंगाला पाण्यात उभा असलेला माणूस त्या नकाशात बसतच नाही.

इसापूरला हे सगळं एकत्र दिसतं. भिंतीचं गाव पुसद तालुक्यात, म्हणजे यवतमाळ जिल्हा, अमरावती विभाग, विदर्भ. पलीकडचा काठ कळमनुरी तालुक्यात, म्हणजे हिंगोली जिल्हा, मराठवाडा. लाभक्षेत्रात नांदेडही येतं. १९५६ पर्यंत हे दोन काठ दोन वेगळ्या राज्यांत होते, एक जुन्या मध्य प्रदेशात, दुसरा हैदराबादमध्ये. त्यानंतरही विदर्भ आणि मराठवाडा हे वेगवेगळ्या अनुशेषांचे हिशेब. सिंचनाच्या पाण्यावरून या दोन विभागांत किती बोललं जातं, हे तुम्ही पेपरात वाचता. माशांवरून एका अक्षराचीही चर्चा नाही. आणि जलाशयात तर दोन्ही काठांवरचे डोंगे एकाच पाण्यात फिरतात. ‘प्रादेशिक’ व्यवस्थापन म्हणायचं, तर प्रदेश कोणता धरायचा? जिल्हा? विभाग? की पाण्याचा काठ?

मध्य प्रदेशातल्या तवा धरणावर धरणग्रस्त आदिवासींच्या तवा मत्स्य संघानं १९९६ पासून दहा वर्षं काठावरच्या गावांना धरून संस्था चालवली. प्रत्येक गावाची समिती, वर संघ, आणि मासे विकणारा संघच. २००६ च्या अखेरीला सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं कारण देऊन ठेका पुढे दिला गेला नाही. पण तो प्रयोग होता तोवर ‘सभासद कोण’ याचं उत्तर सोपं होतं: ज्याचं गाव बुडालं तो आणि जो मासे मारतो तो. इसापूर, पूस, अरुणावतीच्या काठच्या बुडीत गावांतले किती लोक आज संस्थांच्या यादीत आहेत, हे मी सध्या एकेक नाव घेऊन तपासते आहे. भूसंपादनाच्या याद्या एका बाजूला, सभासदांच्या याद्या दुसऱ्या बाजूला. काम कंटाळवाणं आहे, नावांचे उच्चार तीन कारकुनांनी तीन प्रकारे लिहिलेले असतात.

त्यासाठी एक मदत हवी आहे. तुमच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत, मच्छीमार संस्थेचं जुनं पासबुक, शेअरची पावती, तलाव ठेक्याचा करारनामा, किंवा सभेची नोटीस असेल, विशेषतः १९६० ते १९८५ च्या दरम्यानची, तर फेकू नका. फोटो काढून पाठवला तरी चालेल. नावं मी कुठंही छापणार नाही. पावतीवर फक्त तारीख, तलावाचं नाव आणि माल कोणाला विकला एवढं दिसलं, तरी मला पुष्कळ झालं.